नळाला मुंग्या येतात

"नळाला मुंग्या येतायत गं," असं सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मी ते त्यांच्या वयावर ढकललं. मधुमेहामुळे त्यांच्या तळहातांना मुंग्या येतात, त्यावर गोळ्याही चालू आहेत. दोन दिवसांनी त्या आंघोळ करून बाहेर आल्या आणि ओला हात माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "हाताला नाही, नळाला. नळ सोडला की थांबतात. आणि गिझर चालू असला तरच."

शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि मी भाकरी तव्यावर तशीच सोडून मेन स्विचकडे धावले.

आमचं घर सोलापुरात साखर पेठेत आहे. जुनं, जाड भिंतींचं. माझे वडील यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की रात्री-बेरात्री कारखान्यातून बोलावणं यायचं, आणि सुट्टीच्या दिवशी घरातली सगळी दुरुस्ती ते मला शेजारी बसवून करायचे. फ्यूजची तार कशी बांधायची, टेस्टर कसा धरायचा, बोर्ड उघडण्याआधी मेन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात का ठेवायची, हे मी सहावी-सातवीत असतानाच शिकले. लग्नानंतर या घरात वीस वर्षांत स्विच, होल्डर, पंख्याचा कंडेन्सर, मिक्सरची पिन यांपैकी कशासाठीही बाहेरचा माणूस बोलावला नाही. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर बघून शेजारणींना सुरुवातीला नवल वाटायचं, पुढे त्याच आपले नादुरुस्त मिक्सर घेऊन यायला लागल्या.

त्यामुळे बाथरूमचं कामही मीच करायचं ठरवलं होतं. सासूबाईंना आता बसून आंघोळ करावी लागते, म्हणून गिझर दारावरून काढून समोरच्या भिंतीवर घ्यायचा, वॉशिंग मशीनसाठी आत एक पॉइंट काढायचा, आरशावर एक दिवा लावायचा, असा बेत होता. नव्या पेठेतल्या दुकानातून अडीचची आणि चारची (म्हणजे तेवढ्या चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, केसिंग-पट्टी, १६ अँपिअरचं सॉकेट असं सगळं आणून ठेवलं होतं. शाळेला नाताळची सुट्टी लागली की सुरुवात. मुंग्यांचं कळलं ते नेमकं त्याआधी.

मेन परत चालू केला, गिझरचा स्विच दाबला आणि नळाला टेस्टर लावला. आतला दिवा लागला. टेस्टरचा दिवा कधी कधी नुसत्या जवळून जाणाऱ्या वायरमुळेही लुकलुकतो, म्हणून मल्टिमीटर घेतला. एक टोक नळाला, दुसरं मोरीच्या लोखंडी जाळीला. गिझर बंद असताना शून्य. चालू केला की आकडा ८० च्या वर जाऊन तिथेच हलत राहिला. मग गिझरच्या सॉकेटमध्ये मोजलं. फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यामध्ये २२८ व्होल्ट, ठीक. फेज आणि अर्थमध्ये तेवढाच आकडा यायला हवा होता, तिथे कधी ११० तर कधी १३०. म्हणजे अर्थची वायर सॉकेटपर्यंत आलेली होती, पण ती जमिनीपर्यंत पोहोचतच नव्हती.

सासूबाई प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून, पायात रबरी स्लीपर घालून आंघोळ करतात. फरशी निसरडी आहे म्हणून तो स्टूल मीच आणला होता. बहुधा त्या प्लॅस्टिक-रबरामुळेच वीज त्यांच्या अंगातून जमिनीत गेली नव्हती. त्या दिवशी मी त्या स्टुलाकडे बराच वेळ बघत उभी होते.

गिझर बंद करून त्याची पिन काढून ठेवली. पाणी गॅसवर तापायला लागलं. पूर्वी या घरात तांब्याचा बंब होता. तो विकला याची सासूबाईंना पुन्हा एकदा हळहळ वाटली आणि खरं सांगते, मलाही वाटली.

समोरच्या घरातली मुलगी सरकारी आयटीआयमध्ये तारतंत्रीचा कोर्स करते. संध्याकाळी तिला बोलावून सगळं दाखवलं. माझा बेत ऐकून ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "काकू, सॉकेट बदला, स्विच बदला, गिझर बदलला तरी चालेल. पण पॉइंट हलवायचा नाही आपण. त्याला लायसन लागतं."

मला वाटलं ती परीक्षेतलं उत्तर सांगतेय. घरात गेली आणि वही घेऊन आली. नंतर मी मूळ नियमही वाचला, कारण माझा विश्वास बसत नव्हता. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षिततेचे विनियम आहेत, आधी २०१० चे आणि त्यांच्या जागी आता २०२३ चे. त्याच्याही आधी १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४५ वा नियम होता, त्यातही हेच. सार असं, की २५० व्होल्टपर्यंतच्या घरगुती जोडणीत दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलायला मोकळीक आहे, पण त्या बदलाने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचं कुठलंही काम, मग ती वाढ असो, फेरफार असो की दुरुस्ती, राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायचं. देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक हवा आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट हवं.

हे वाक्य मी तीन-चारदा वाचलं. वीस वर्षं मी जे करत आले त्यातलं बहुतेक सगळं या मोकळिकीत बसतं, याचं बरं वाटलं. पण बाथरूमचा माझा बेत तिन्ही बाजूंनी बाहेर पडत होता. गिझरचा पॉइंट हलवणं हा फेरफार, मशीनचा नवा पॉइंट ही वाढ, आणि दोन्ही मिळून भार वाढणार. आमच्या वीजबिलावर मंजूर भार १ किलोवॅट छापलेला होता. एकटा गिझर २ किलोवॅटचा. वर्षानुवर्षं दर महिन्याला ते बिल भरलं, त्या रकान्याकडे कधी लक्षच गेलं नाही.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, तिकडे उलट आहे. घरमालकाने स्वतःच्या घरात वायरिंग करायला बंदी नाही, पण २००५ पासून इमारत नियमांत 'पार्ट पी' नावाचा भाग आहे. टब किंवा शॉवरजवळच्या जागेत जोडणी वाढवायची, बदलायची असेल तर नगरपालिकेच्या इमारत विभागाला कळवून काम तपासून घ्यावं लागतं, नाहीतर नोंदणी असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं लागतं. त्याच्या बाथरूममधला दिवा छताला लोंबणारी दोरी ओढून लावायचा असतो, भिंतीवर स्विचच नाही. आपल्याकडे नियम काम कोण करतो यावर जास्त भर देतो. पण करणाऱ्याकडे कागद मागायचा असतो, हेच आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं.

मग परवानेवाला शोधायला निघाले. पहिल्यांदा आले ते गल्लीत सगळ्यांची कामं करणारे गृहस्थ. त्यांनी सॉकेट उघडलं आणि दोन मिनिटांत उपाय सांगितला, "अर्थिंग कशाला खणताय ताई, न्यूट्रलवरून एक तुकडा मारून देतो अर्थच्या पिनला. झालं."

मी नको म्हटलं. हे मला वडिलांनी सांगितलेलं होतं. असा तुकडा मारला की मीटरवर सगळं व्यवस्थित दिसतं, फेज आणि अर्थमध्ये पूर्ण २३० येतात. पण वाऱ्यावावटळीत खांबावर न्यूट्रल तुटला, किंवा नुसता बोर्डातला स्क्रू सैल झाला, की परतीची वाट बंद होते आणि घरात चालू असलेल्या प्रत्येक उपकरणातून फिरून आलेला फेज त्या तुकड्यावाटे गिझरच्या पत्र्यावर येऊन बसतो. ओल्या हाताच्या माणसाला मग पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, शंभर घरांत असंच आहे. ते खरं असेल, याच विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसरे आले ते अशोक चौकाकडचे, साठीला टेकलेले. घरी तेलुगू बोलणारे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पिशवीतून मेगर, म्हणजे वीज कुठे झिरपते का ते तपासायचं यंत्र, काढायच्या आधी त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातलं परमिट काढून माझ्यापुढे धरलं. कंत्राटदाराचा परवाना त्यांच्या भावाच्या नावावर. मी न मागता दाखवलं म्हणून मी थँक्यू म्हटलं, तर म्हणाले, "मागायला पाहिजे की मॅडम तुम्ही. कुणीच मागत नाही."

त्यांनी पहिलं काम केलं ते गिझर खोलण्याचं. आमच्याकडे नळाचं पाणी चार-पाच दिवसाआड येतं, मधल्या दिवसांत बोअरचं वापरतो, आणि ते इतकं जड की बादलीच्या काठावर पांढरी रेघ धरते. गिझरची कॉइल बाहेर आली ती कॉइल वाटेचना. चुन्याचा अंगठ्याएवढा जाड थर चढलेला. अण्णांनी तो हलक्या हाताने ठोकून काढला तर खाली तांब्याच्या नळीला एका जागी हिरवट खड्डा पडलेला, मोहरीच्या दाण्याएवढा. मेगरची दोन टोकं कॉइलला आणि पत्र्याला लावून दांडा फिरवला. किमान १ मेगओहम यायला हवा, काटा शून्याला चिकटून राहिला. त्या एवढ्याशा भोकातून पाणी आत शिरत होतं आणि वीज बाहेर येत होती.

पण वीज पत्र्यावर आली तरी नळावर कशी गेली? खरी गोष्ट इथे होती. अण्णांनी सॉकेटमागची हिरवी वायर हळूहळू ओढत तिचा माग काढला. ती मीटरकडे जातच नव्हती. भिंतीतल्या खाचेतून खाली उतरून ती नळाच्या जुन्या जीआय पाइपला दोन वेढे देऊन पिळून बांधलेली होती. पूर्वी बऱ्याच ठिकाणी असंच करायचे, कारण लोखंडी पाइप पुढे जमिनीत जायचा आणि अर्थिंगचं काम भागायचं. दोन वर्षांपूर्वी पाइप गंजला म्हणून आम्ही बाहेरची सगळी लाइन सीपीव्हीसीची करून घेतली. प्लंबरने भिंतीतला जीआयचा तीन-साडेतीन फुटांचा तुकडा तसाच ठेवून दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिक जोडलं. त्या दिवसापासून आमच्या गिझरचा अर्थ जमिनीपासून तुटला. राहिला तो फक्त गिझरचा पत्रा आणि नळ यांना जोडणारा तांब्याचा धागा. म्हणजे माणूस वाचवण्यासाठी बांधलेली वायरच वीज नळापर्यंत पोहोचवत होती.

प्लंबरला त्या वेढ्यांचा अर्थ माहीत नव्हता, आणि पाइप बदलताना वायरमनला बोलवायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. ते काम चालू असताना मी तिथेच चहा घेऊन उभी होते.

आणि एमसीबी, जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारा तो स्विच? तो तर नवा, चांगल्या कंपनीचा होता. मी अण्णांना विचारलं तसं त्यांनी माझ्याच हातात पेन्सिल दिली. ओल्या अंगाचा विरोध ढोबळ मानाने १००० ओहम धरा. २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर. एमसीबी १६ अँपिअरचा. माणसाच्या अंगातून जीव घेण्याइतकी वीज गेली तरी त्याच्या दृष्टीने एक छोटा दिवा लागलाय. तो वायर जळू नये म्हणून असतो. माणसासाठी असतो आरसीसीबी. फेजने गेलेली आणि न्यूट्रलने परत आलेली वीज तो सतत ताडून बघतो, आणि फरक ३० मिलिअँपिअरच्या आत असतानाच जोडणी तोडतो. मी वर्गात ओहमचा नियम सोडवून देते, तो माझ्या घरातल्या नळाला कधी लावून पाहिला नव्हता.

मग काम सुरू झालं आणि नऊ दिवस चाललं. सगळ्यात वेळ खाल्ला तो अर्थिंगच्या खड्ड्याने. अंगणात दीड-दोन फूट काळी माती, खाली मुरूम, आणि त्याखाली काळा दगड. नळीची लांबी अडीच मीटर हवी, म्हणून मशीन आणून भोक पाडावं लागलं. जीआयची नळी उभी करून भोवती कोळसा आणि मिठाचे थर भरले, वर सिमेंटची पेटी आणि झाकण केलं. नळीच्या तोंडाला एक नरसाळं बसवलं आहे. ते पाणी ओतण्यासाठी. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि कोरड्या जमिनीत अर्थिंगचा विरोध वाढत जातो. अण्णांनी बजावलं आहे, "झाडाला पाणी घालता ना, तसंच ह्याला. मार्च लागला की आठवड्याला एक बादली." मोजल्यावर विरोध ४ ओहमच्या जरा वर आला.

माझा वॉशिंग मशीनचा पॉइंट त्यांनी सरळ खोडला. आयएस ७३२ या वायरिंगच्या मानकात बाथरूमच्या जागेचे भाग पाडलेले आहेत. टब असेल तर त्याच्यावरची २.२५ मीटर उंचीपर्यंतची जागा एक, तिच्याबाहेर ०.६ मीटर ही दुसरी. खाली टब किंवा ट्रे नसलेला शॉवर असेल तर तोटीपासून १.२ मीटर मोजायचे. या जागेत साधं सॉकेट चालत नाही. आमचं बाथरूम पाच बाय सात फुटांचं. टेप धरून १.२ मीटरचं अर्धवर्तुळ काढलं तर त्याने जवळपास सगळी फरशीच व्यापली. शिवाय आपण बादलीने आंघोळ करणारी माणसं, पाणी कुठपर्यंत उडतं ते भिंतीवरचे डाग सांगतात. मी मनातल्या मनात ज्या ठिकाणी सॉकेट बसवलं होतं ते शॉवरपासून हातभर अंतरावर होतं. मशीन आता बाहेर बोळात आहे. कपडे नेण्या-आणण्याचा त्रास होतो, तो मान्य आहे.

गिझर नवा घेतला, तोही २ किलोवॅटचाच. त्याला पिन-सॉकेट ठेवलं नाही, थेट जोडला आहे, स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबीसह. स्विच दाराबाहेर, सासूबाईंच्या खांद्याच्या उंचीवर. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल, त्यावर लाल दिवा. आरशावरचा दिवा मी निवडला होता तो दिसायला सुंदर होता, पण उघडा. त्याऐवजी पाण्याचे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स-४ खुणेचा आणला. भिंतीतला जीआयचा तो तुकडा काढायचा तर सगळी फरशी फोडावी लागली असती. म्हणून त्याला क्लॅम्प लावून चारच्या हिरव्या वायरने नव्या अर्थला जोडला, म्हणजे नळ, गिझर आणि अर्थ यांच्यात व्होल्टेजचा फरक उरणार नाही.

आरसीसीबी बसवला आणि मेन चालू केला तर तो लगेच पडला. परत चढवला, परत पडला. मला वाटलं नगच खराब आहे. अण्णा म्हणाले, "नग चांगला आहे, घर खोटं बोलतंय." एकेक सर्किट सोडवत गेल्यावर सापडलं. स्वयंपाकघरात फ्रिजच्या सॉकेटमध्ये कुणीतरी कधीकाळी न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनला मारून ठेवला होता. जो उपाय मी दारात नाकारला, तो माझ्याच फ्रिजमागे किती वर्षं होता कुणास ठाऊक. तो तुकडा काढला आणि आरसीसीबी टिकला. शेवटी त्यांनी आरसीसीबी तपासायचं यंत्र लावून बघितलं. २४ मिलिअँपिअरला पडला.

टेस्ट रिपोर्टवर कंत्राटदाराची सही, परवाना क्रमांक, मेगरचे आणि अर्थिंगचे आकडे, हे सगळं घेऊन महावितरणकडे भार वाढवण्याचा अर्ज केला. आता बिलावर ३ किलोवॅट येतात. खड्डा, वायर, गिझर, मजुरी धरून खर्च बावीस हजारांच्या पुढे गेला. मी केसिंग-पट्टी मारून केलं असतं तर चार हजारांत झालं असतं, आणि गिझर त्याच हिरव्या वायरला जोडला असता. माझ्या हाताला सफाई आहे, जोड पक्का झाला असता, इन्सुलेशन टेपही नीट गुंडाळली असती. फक्त ती वायर भिंतीत कुठे जाते हे मी बघितलं नसतं, कारण माझ्याकडे मेगर नव्हता आणि तसं बघायचं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं.

दर महिन्याच्या एक तारखेला मी आरसीसीबीवरचं 'टी' अक्षराचं बटण दाबते. घर अंधारतं, फ्रिज गप्प होतो, सासूबाई देवघरातून विचारतात, "पडला का गं?" मी "पडला" म्हटलं की त्यांचा जप पुढे चालू होतो.

गड्ड्याची यात्रा संपल्यावर, जानेवारीच्या शेवटी, समोरच्या मुलीला आणि मल्टिमीटरला घेऊन मी गल्लीतल्या सात घरांत गेले. काही उघडलं नाही, कशाला हात लावला नाही. गिझरच्या सॉकेटमध्ये फक्त फेज आणि अर्थ मोजलं, आणि पाइपलाइन कधी बदलली ते विचारलं. दोन घरांत आमच्यासारखंच निघालं. एकात अण्णांनी खड्डा घेतला, पाऊस लागायच्या आत काम पूर्ण होईल. दुसऱ्या घरात लहान बाळ आहे. त्यांनी तूर्तास गिझर बंद ठेवलाय असं म्हणतात. शाळेतून येताना मी रोज त्यांच्या दारात थांबते आणि पिन काढलेली आहे ना, हे आत जाऊन बघून येते.